बाप म्हणाला, डिव्हिजन थ्री चालेल

"मीनाताई, डिव्हिजन वनच बघा हं. टू-थ्रीचं नावसुद्धा काढू नका."

चौदा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. ऑफिसात ऐकलं, म्युनिकच्या यू-बान मेट्रोत ऐकलं, गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसादाचा द्रोण घेऊन ऐकलं. बोलणारा बहुतेक पुण्या-मुंबईकडचा, सॉफ्टवेअरवाला नाहीतर गाड्यांच्या कंपनीतला, आणि दहावीच्या निकालातला फर्स्ट क्लास अजून डोक्यातून न उतरलेला. डिव्हिजन थ्री म्हटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू पोरगं काठावर पास झालंय आणि आता नातेवाइकांना काय सांगायचं.

मी करत काय होते ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई शिट्टी घेऊन मैदानावर पळत होती की काय. मी कोल्हापूरची. फुटबॉल आमच्याकडे पेठेपेठेत. माझा भाऊ तालमीच्या संघाकडून खेळायचा आणि मी त्याचे चिखलाचे मोजे धुवायचे, एवढाच माझा खेळाशी संबंध. लग्न होऊन न्युरेम्बर्गला आले, जर्मन शिकले, आणि एका लहानशा एजन्सीत चिकटले. साहेब जर्मन, माजी प्रशिक्षक. इथली पोरं क्लबात खेळतात, शाळा-कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत उलटं, तिथं कॉलेजचेच संघ. त्यामुळं अबिटुअर, म्हणजे इथली बारावी, झाली की खेळणाऱ्या पोरांना तिकडे जायचं असतं. त्यांचे व्हिडिओ, गुणपत्रिकेची भाषांतरं, प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार हे आमचं काम. आपली मंडळी आली की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे.

डिव्हिजनचं सोपं आहे. वन म्हणजे मोठी विद्यापीठं, तिथं खेळ ही जवळजवळ नोकरीच. टू त्याच्या खालची. थ्री म्हणजे बहुतेक लहान कॉलेजं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, पण मार्कांवर मदत मिळू शकते, पोरगं मैदानावर उतरतं आणि रसायनशास्त्राचा तासही बुडत नाही. थ्रीतले कितीतरी संघ इथल्या चांगल्या क्लबांना पाणी पाजतील. हे मी घसा कोरडा करून सांगायची. गार्चिंगचे एक संशोधक गृहस्थ तर एक्सेलचा तक्ता घेऊन आले होते. कॉलेजांची नावं, हवामान, भारतीय किराण्याचं दुकान किती मैलांवर, सगळं. मी म्हटलं, "यात तुमच्या मुलाला राखीव म्हणून बाकावर बसायला आवडेल का, हा रकाना कुठाय?" गृहस्थांनी तक्ता आवरला. रागावले बहुतेक. रागवू देत.

बाकाचा धसका मला अंशनं लावला होता. न्युरेम्बर्गचाच, हसरा पोरगा. आईबापांच्या हट्टापायी मी त्याला डिव्हिजन वनला पाठवला. दोन वर्षं त्यानं नुसते गरम कपडे घालून इतरांचा खेळ बघितला. मग तो फोन उचलेना. त्याची आई रोज मला विचारायची, "ताई, तुमच्याशी बोलला का हो?" पाच दिवस त्याचा पत्ता नव्हता, आणि त्या पाच दिवसांत माझ्या डोळ्यांपुढं नको नको ते येऊन गेलं. पोरगा सापडला, खोलीतच होता, दार लावून. परत आला, शिकतोय आता. पण बॉलला पाय लावत नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. आईबापांना एक पायरी खाली उतरवणं हेच आपलं काम, असं मी ठरवून टाकलं, आणि दर वेळी कुणी उतरलं की मला लढाई जिंकल्यासारखं वाटायचं.

याच माजापायी माझा घात झाला. तेच आज लिहायचंय. या अंकाचे संपादक म्हणाले होते गमतीजमती लिहा, पण बसले लिहायला तर हेच येतंय.

ऋजुता श्टुटगार्टची. बाप नितीन तिथल्याच त्सुफेनहाउझेनच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आई प्राजक्ता घरून कुठल्याशा कंपनीचं काम करायची. मुलगी मधल्या फळीत खेळायची आणि काय खेळायची! मी तिचा पूर्ण सामना स्क्रीनवर बघितला तेव्हा साहेबांना हाका मारून बोलावलं. नव्वद मिनिटं ही पोर थांबतच नव्हती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मला मावशी म्हणायची, तेवढं मराठी.

बाप अर्थातच डिव्हिजन वनवाला. आणि यावेळी बाप बरोबर होता. एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेनं तिच्यासाठी दोनदा फोन केला. फेब्रुवारीत तिचं पत्र आलं: सगळं ठरल्यात जमा, आल्यावर नव्या खेळाडूंची नेहमीची तपासणी होईल, रक्त, डोळे, हृदयाचा आलेख, हृदयाची सोनोग्राफी. मी आनंदानं नितीनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हृदयाची कशाला?"

"अहो, सगळ्यांचीच करतात. काळजी घेतात म्हणा ना."

"हं."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "मीनाताई, आम्ही विचार केला. डिव्हिजन थ्री चालेल. लहान कॉलेज, घरगुती वातावरण. तुम्हीच म्हणता ना नेहमी?"

मी काय करायला हवं होतं? विचारायला हवं होतं, कालपर्यंत वन, आज थ्री, मधे झालं काय? मी विचारलं नाही. मी खूश झाले! साहेबांना म्हटलं, बघा, एक तरी बाप शहाणा निघाला. माझ्या समजावण्याचा गुण म्हणून घरी नवऱ्यालाही सांगितलं. ऋजुता रडली म्हणे. मी म्हटलं, रडू दे, पुढं आभार मानेल. एका पत्रात मी त्या प्रशिक्षिकेला नकार कळवून मोकळी झाले.

मार्चमध्ये थ्रीतलं एक चांगलं कॉलेज मिळालं. त्यांच्याकडे तपासणी म्हणजे घरी भरायची प्रश्नावली आणि खाली आपल्या नेहमीच्या डॉक्टरची सही. प्रश्नावली भरायला मी श्टुटगार्टला त्यांच्या घरी गेले. ऋजुता सरावाला गेली होती. पोरगी अठरा पूर्ण झालेली, फॉर्म तिचा, शरीर तिचं, पण आपल्या घरात फॉर्म बाप भरतो. त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही.

माझी एक सवय होती. प्रश्न इंग्रजीतून असले तरी मी ते मोठ्यानं मराठीत वाचायची. इंग्रजी प्रश्नाला माणूस ऑफिसातलं उत्तर देतो, मराठीत विचारलं की घरातलं बाहेर येतं. स्वयंपाकघरात नितीनची आई मटार सोलत बसल्या होत्या. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या.

"दमा? नाही. फिट्स? नाही. खेळताना कधी चक्कर, बेशुद्धी?"

प्राजक्ता म्हणाली, "अहो, ते ऑक्टोबरमध्ये..."

"सकाळपासून खाल्लं नव्हतं तिनं," नितीन म्हणाला. "त्याला काय बेशुद्धी म्हणतात? 'नाही' लिहा."

मी 'नाही' लिहिलं. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. व्हिसा, विमा, घराचा अर्ज, नोकरीचा अर्ज, किती कागद भरले आपण. आजाराचा रकाना आला की हात आपोआप नाहीवर जातो. माझं ब्लडप्रेशर मी स्वतः किती वर्षं कागदावर येऊ दिलं नव्हतं.

"पुढचा. घराण्यात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू?"

"नाही," नितीन म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाला. स्वयंपाकघरातला मटार सोलायचा आवाज थांबला.

निघताना मी दारात बूट घालत होते. आजी मागून आल्या, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तो खोटं बोलला. माझा थोरला गेला. मिलिंद. एकतिसाव्या वर्षी, कंपनीच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळता खेळता. आम्ही उन्हाचं निमित्त झालं असं सांगतो सगळ्यांना. जानेवारी होता हो. कसलं ऊन?"

मी एक बूट पायात, एक हातात, तशीच उभी राहिले. त्या मोठ्या विद्यापीठाची तपासणी, दुसऱ्या दिवशीचा फोन, "डिव्हिजन थ्री चालेल", सगळं एका क्षणात लख्ख दिसलं. या बापानं पोरीसाठी कॉलेज निवडलं नव्हतं. जिथं तिच्या छातीवर कुणी यंत्र लावणार नाही अशी जागा शोधली होती, आणि ती मी हसत हसत शोधून दिली होती.

नितीन मला स्टेशनवर सोडायला आला. गाडीतच मी विषय काढला. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं.

"आईनं सांगितलं ना?"

"अहो, तुम्ही शिकलेले माणूस! तपासून घ्यायला काय जातं?"

"तपासलं आणि निघालं तर? ताई, सहा वर्षांची असल्यापासून तिच्या पायात बूट आहेत. दुसरं काही येत नाही तिला. तिला बसवून ठेवू? दादाचं वेगळं होतं. तो तेव्हा फार दमलेला असायचा, रात्रपाळ्या करायचा. ही ठणठणीत आहे."

"ठणठणीत पोरगी मैदानावर पडते?"

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "तिची लेखी परीक्षा आहे. अबिटुअर एकदाच असते. आत्ता सांगितलं तर ती कोसळेल. परीक्षा होऊ दे, मी स्वतः नेतो तिला डॉक्टरकडे. आईची शपथ. तोवर तिला काही बोलू नका. आणि खेळही थोडा कमी कर म्हणून सांगतो."

आणि मी हो म्हटलं. का म्हटलं? बाप रडत होता म्हणून. परक्याच्या घरातलं आपण कशाला उकरा म्हणून. आपल्यात पोरांच्या गोष्टी आईबापांना डावलून पोरांशी बोलत नाहीत म्हणून. कारणं ढीगभर सापडतात. पण ती अठराची होती, इथल्या कायद्यानं डॉक्टरकडे जायला तिला कुणाची सही लागत नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तो फॉर्म तेवढा मी पाठवला नाही, बॅगेत ठेवला. कॉलेजला म्हटलं, उशीर होतोय. एवढंच काय ते माझं शौर्य.

नितीननं खेळ कमी कर म्हणून सांगितलं असेल. पण कारण न सांगता सांगितलेलं कुठली पोर ऐकते? मोसम भरात होता, ती दर रविवारी खेळायची. आणि मी दर रविवारी न्युरेम्बर्गहून श्टुटगार्टची गाडी पकडायला लागले.

पहिल्याच रविवारी मी क्लबाच्या इमारतीत गेले. तिथं एक आजोबा बिअरचे क्रेट रचत होते. त्यांना विचारलं, हृदयाला झटका देणारं यंत्र कुठं आहे?

"आहे की! कपाटात."

"कपाटाला कुलूप आहे."

"हो, हो. चावी मानफ्रेडकडे."

"मानफ्रेड कुठं आहेत?"

"तो म्हणजे... रविवारी येत नाही."

मी त्या म्हाताऱ्याला असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा चावी शोधायला घरोघर फिरला. पुढच्या आठवड्यापासून ते यंत्र बाहेर भिंतीवर लागलं. त्यावरच्या सूचना मी पाठ केल्या. घरी उशीवर दोन्ही हात ठेवून छाती दाबायचा सराव केला. नवरा म्हणाला, "अगं, हे काय चाललंय?" त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उशी कशाला बडवतेस? पोरीला सांग." त्याला म्हटलं, तुला काय कळतंय.

सामना कसा बघायची मी? बॉल कुठं आहे मला माहीत नसायचं. मी फक्त तिच्याकडे बघायची. ती पळाली की श्वास रोखायची, ती थांबली की आणखी रोखायची. का थांबली? गुडघ्यावर हात का ठेवले? छातीकडे हात का गेला? केस सारखे करत होती, तेवढंच. एकदा कोपऱ्यात दोघी एकमेकींवर आदळल्या आणि ती खाली गेली. मी दोर ओलांडून आत पळत सुटले, साठीची बाई, पर्स हातात. मी पोचेपर्यंत ती उठून उभी होती, ढोपर झटकत. पंचानं मला हात धरून बाहेर काढलं. सगळे हसले. तीही हसली आणि मला अंगठा दाखवला.

मी बाहेर येऊन गवतावर बसले. बाजूला नितीन उभा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तोही दर रविवारी यायचा. आम्ही दोघं शेजारी उभे राहायचो, जीव मुठीत धरून, आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचो. माझ्या उभ्या जन्मात मी एवढी भ्यायले नाही, आणि एवढी लाजही मला कधी वाटली नाही.

मेमध्ये लेखी परीक्षा संपली. मी फोन केला. नितीन म्हणाला, "आता तोंडी आहे ना. आणि मोसमाचे शेवटचे सामने. एवढं होऊन जाऊ दे, मग नक्की."

मी फोन ठेवला, पर्स उचलली आणि तडक श्टुटगार्टला गेले. ऋजुताला क्लबाबाहेर बोलावलं. सायकल लावायच्या जागेजवळ आम्ही उभ्या होतो. मी सगळं सांगितलं: काका, जानेवारी, ऑक्टोबरमधली चक्कर, फॉर्म. मराठीतच सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "पपाला माहीत आहे?" मी मान डोलावली. तिनं सायकलचं कुलूप काढलं, बूट दप्तरात टाकले आणि गेली. सरावाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचं विम्याचं कार्ड घेऊन एकटी डॉक्टरकडे जाऊन बसली.

तपासण्या झाल्या. हृदयाची भिंत जाड निघाली. डॉक्टरनं सांगितलं, स्पर्धेचा खेळ आजपासून बंद, कुठल्याही डिव्हिजनचा. हा आजार घराण्यातून येतो, तेव्हा आईबापांनाही घेऊन या. नितीन जाईना. तिनंच त्याला हाताला धरून नेलं. त्याच्यातही तेच निघालं, तिच्याहून जास्त. आज त्याच्या छातीत कातडीखाली, वेळ आली तर हृदयाला झटका देणारं डबीएवढं यंत्र आहे. आजींनी पुण्याहून फोन करून मला आशीर्वाद दिला. म्हणाल्या, तुमच्यामुळं माझा एक तरी उरला. मला तो आशीर्वाद घेववेना.

कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात ऋजुता माझ्याकडे येऊन गेली होती. कागद परत न्यायला आली होती. इथंच कुठंतरी फिजिओथेरपी शिकणार म्हणाली. मी चहा केला. मला वाटलं होतं, फुटबॉल गेला म्हणून रडेल. ती रडली नाही. कपाला हात न लावता तिनं जर्मनमध्ये शांतपणे विचारलं, आजी तुझ्याशी बोलली तो दिवस कुठला? मी सांगितला. तिनं फोन काढला, त्यातलं सामन्यांचं वेळापत्रक बघत बोट वर सरकवत गेली.

"सात," ती म्हणाली. "सात सामने. तू सातही बघितलेस. त्याच्या आधी तू एकदाही आली नव्हतीस."

मी म्हटलं, "बाळा, मी भीतीनं..."

"मला माहीत नव्हतं ना तू का येतेस." तिनं फोन खिशात ठेवला. "मला वाटायचं, मावशी एवढ्या लांबून माझा खेळ बघायला येते. म्हणून मी त्या सात सामन्यांत जास्त पळाले."